दहाच्या आत

चैत्रात पारा बेचाळीसला.
मनालीहून आणलेल्या माझ्या दोन फळ्या
अप्पांनी मागाशेजारी उभ्या केल्यात.
गुर्रमकाका विचारून गेले, नव्या मागाच्या का?

फळीखालची पट्टी सोडवून
अप्पा तळहात फिरवतात.
पुढे गुळगुळीत, मागे खरखर.
"लव एकाच अंगाला," म्हणतात, "बोकडाची."
मग गप्प.
तीस वर्षं टॉवेल विणलेल्या बोटांना
चढण कळते, बर्फ न बघता.

मी सांगते, रात्री दोनला निघायचं,
गोठलेला थर कडक असेतो.
शेवटची धार हातापायांनी, फळ्या पाठीवर.
एक दगड सुटला, बराच वेळ खाली वाजत गेला,
ते सांगत नाही.
दहाच्या आत उतरायचं. नंतर उन्हानं बर्फ सैल पडतो,
उतारच्या उतार निघून येतो.

"इथं तरी काय वेगळं," म्हणत
अप्पा माग बंद करतात,
डोक्याला ओला टॉवेल बांधतात.

रात्री गच्चीवर. फरशी अजून गरम.
"वर पांघरायला काय होतं गं?"
पिसांची पिशवी होती, भाड्याची.
"चादर," मी म्हणते.
ते कूस बदलतात.
"मोराची?"