अडीच मायक्रो

चैत्र अजून सरायचा होता
आणि कूलर नुसताच हुंकारत होता.
बटण दाबलं की आतून एक लांबलचक हूं,
जेवून आडवं झालेल्या माणसानं हाकेला द्यावं तसं.
पातं जागचं हलत नव्हतं.

दत्तनगरात पत्र्याखाली दुपारी दोनला
बोलायचं म्हटलं तरी घाम खर्ची पडतो.
मेकॅनिक आला, दारातूनच म्हणाला,
मोटर गेली. चौदाशे.
मी आकडा टॉवेलांच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहिला
आणि त्याला पाणी दिलं तेही अर्धाच पेला;
नळ यायला अजून तीन दिवस होते.

नायनांना यातलं काही ऐकू गेलं नाही.
एकतीस वर्षं जॉबर होते ते, चाळीस मागांच्या खडखडाटात.
कान तिथेच राहिले.
कारखाना पाडून आता मंगल कार्यालय झालंय,
त्याचा बँडही त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

ते उठले. कूलरच्या पाठीवर तळहात टेकवून
उभे राहिले बराच वेळ,
पूर्वी मागाच्या चौकटीवर टेकवत तसा.
मग खराट्याची काडी मागितली,
जाळीतून आत सारून पात्याला नुसती टिचकी दिली

आणि पातं फिरलं.

बंद केलं. चालू केलं. पुन्हा हूं.
पुन्हा काडी, पुन्हा गरगर.
"मोटर ठणठणीत आहे," ते ओरडले
(ते सगळंच ओरडून बोलतात),
"हिला पहिला धक्का देणारा मेलाय!"
शेजारची पद्मा धावत आली, कोण मेलं म्हणून.

प्लग काढला. तीन स्क्रू आले,
चौथ्याला खोबरेल पाजून तासभर बसलो.
आत गेल्या उन्हाळ्याचं गवत, एक वाळकी पाल,
आणि मोटरीच्या कुशीत काळी डबी,
काडेपेटीएवढी, पोट फुगलेली.
मी हात घालणार तोच नायनांनी मनगट धरलं.
लाकडी मुठीच्या पेचकसानं तिची दोन्ही टोकं जोडली:
टच्. इवलीशी ठिणगी.
"मेला तरी दात असतात याला."

डबीवरचे आकडे घामानं की काळानं पुसलेले.
त्यांनी ती उन्हात तिरकी धरून वाचली,
आणि मला हात दाखवला:
तर्जनी, मधलं बोट,
आणि अनामिका, जी मागानं पेराशी खाल्लेली.
अडीच.
त्या हाताचा असाही उपयोग होईल
हे मला सुचलं नव्हतं कधी.

साखर पेठेत मुनाफचाचा म्हणाले,
चारचा ने ना बेटी, सगळे चारचाच लावतात, वारं जोरात.
मी दोन बोटं उभी केली, तिसरं मुडपलं.
ते हसले. "नरसय्याची पोर काय?"
खालच्या खणातून काढून दिला. पंचेचाळीस रुपये.

घरी येऊन वायरी सोलल्या, पिळल्या, टेप गुंडाळला.
आणि पंखा फिरला... उलटा.
दाराचा पडदा कूलरकडे ओढला गेला,
खोलीतली होती नव्हती ती हवा तो बाहेर फेकू लागला.
माझी एक वायर चुकली होती.
नायनांनी शिवी घातली नाही. पडद्याकडे पाहिलं,
हवेत बोटानं एक गोल काढला,
मग तोच गोल उलटा.

दुसऱ्यांदा मी जोड बदलला.
आवाज आला की नाही हे ते विचारत नाहीत,
समोरच्या भिंतीकडे बघत बसतात.
तिथे बँकेच्या कॅलेंडरचं पान फडफडलं,
वैशाख दिसला, ज्येष्ठ दिसला,
तसा त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला आणि
फरशीवर अंग टाकलं.

फुगलेली डबी मी फेकली नाही.
त्यांच्या पत्र्याच्या डब्यात, धोट्याच्या लोखंडी टोकाशेजारी ठेवली.
मग वही उघडून चौदाशेवर काट मारली,
खाली पंचेचाळीस लिहिले,
आणि सवयीनं वजाबाकी केली.
तेराशे पंचावन्न वाचले,
जे माझ्याकडे नव्हतेच मुळात.