काडेपेटीतला तुकडा

जिवबा मेस्तांनी काडेपेटी उघडून टेबलावर ठेवली.
आत, कापसावर, माझंच काम:
तांदळाच्या कणीएवढा पांढरा तुकडा.
खिळे धरून धरून झिजलेल्या त्यांच्या पुढच्या दाताला
तीन आठवड्यांपूर्वी लावलेला.
"पेज जेवताना सुटलां," ते म्हणाले.
"पेज, बाय. चणे नायत."

खाली बर्फाच्या कारखान्यात लाद्या फुटत होत्या.
देवगडच्या धक्क्यावर लाँची लागायची वेळ,
आणि दवाखान्याच्या काचा घामेजलेल्या.

भिंगाखाली तुकडा उलटा केला.
मधोमध मोडला असता तर बरं वाटलं असतं,
पदार्थालाच आपलं आपण धरून राहता आलं नाही
असं म्हणता आलं असतं.
हा अख्खा होता. पाठ गुळगुळीत,
दाताचा एक कणही सोबत न आणलेली.
म्हणजे तो दाताला कधी लागलाच नव्हता.
एकवीस दिवस नुसता शेजारी राहिला.

कॉलेजात शिकवलं होतं,
कुठलेच दोन पृष्ठभाग पुरते टेकत नाहीत.
आरशासारखे घासा, तरी बारकाईनं पाहिलं की
डोंगर आणि दऱ्या; शिखर शिखराला लागतं,
बाकी सगळी हवा.
म्हणून मध्ये काहीतरी पातळ हवं,
दऱ्यांत उतरणारं आणि तिथंच घट्ट होणारं.
ते पसरलं पाहिजे,
अळवाच्या पानावरल्या थेंबासारखं
गोळा होऊन बसता कामा नये.
परीक्षेत मी थेंबाचा कोन काढला, अंश लिहिले,
अळू लिहायची लाज वाटली.

पहिल्या वेळी मेस्तांना सगळं सांगितलं होतं:
आधी आम्ल, पंधरा सेकंद,
दाताची चकाकी जाते, खडूसारखा होतो,
मग रेझिन त्यात बोटं रुतवतं.
त्यांनी बाटली नाकाशी नेली.
"ही राळच मां?
चाळीस वर्सां होड्यांच्या फटीत काथ्यो नि राळ भरतंय.
ओल्या लाकडाक धरणा नाय.
आणि कोरडां ठणठणीत केलंस तरी धरणा नाय.
दर्यात गेल्यावर लाकूड फुगता,
राळेक भायर ढकलता."

मी हसले होते. पण दाताच्या आतल्या थराचंही तसंच.
आम्लानंतर तिथं केसाहून बारीक तंतू उघडे पडतात.
पाण्यात जाळं कसं फुललेलं असतं, तसे.
हवा जास्त मारली की
पुळणीवर टाकलेल्या जाळ्यासारखे
एकमेकांवर पडतात,
आणि मग राळेला शिरायला वाटच नाही.

हे मला माहीत होतं.
चुकलं ते वेगळंच.
त्या दिवशी लाइट गेली. मी इन्व्हर्टरकडे वळले,
तेवढ्यात मेस्तांची जीभ दाताला लागून गेली.
फणस कापताना हाताला खोबरेल लावतात ना,
चीक धरू नये म्हणून,
तेवढाच पातळ लाळेचा एक हात.
मी तो पाहिला.
बाहेर चौघं बसली होती.
पुन्हा धुवायला, पुन्हा आम्ल लावायला
पाच मिनिटं लागली असती.

"चूक माझी आहे," म्हटलं, आणि सगळं सांगितलं.
मेस्तांनी काडेपेटी मिटून खिशात टाकली.
"फट खंय होती तां गावलां मां?
मगे आ करतंय."

कापसाच्या वळ्या लावल्या. खिडकी बंद.
आम्ल. पाणी. मग हवा, आणि हवा मध्येच थांबवली.
ओल किती ठेवायची हे मोजायचं यंत्र
माझ्याकडे नाही.
ओहोटी लागल्यावर पुळण चमकते,
डबकं नाही, नुसती चमक,
तेवढी दिसली की पुरे.
या वेळी दिसली, असं मला वाटतं.

निळा दिवा. मी वीसपर्यंत मोजत होते.
मेस्तांचे डोळे मिटलेले, मुठी खुर्चीच्या हातांवर.
बाराव्या आकड्याला खाली कुणीतरी ओरडलं,
लादी उचलताना ओला हात
बर्फाला चिकटला म्हणून.