चौथा कटआउट

गुरुवार बघूनच बोलावलं ओव्हाळांना.
नाहीतरी दहाला लाइट जाणारच होती,
म्हटलं, त्यातच उरकू जुन्या बोर्डाचं.
आले ते बुधवार पेठेतून खोकं घेऊन.
बरोबर लेक, औंधच्या आयटीआयची,
कानामागे टेस्टर खोचलेला,
पेन खोचावं तसा.

सागवानी फळी, धुराने काळी,
तिच्यावर चिनी मातीचे चार कटआउट.
"बाई, हे अजून चालत होतं?"
चालत होतं. म्हणजे
मिक्सर आणि इस्त्री समोरासमोर आले नाहीत तर.
गीझर लावायचा तर फ्रिज बंद,
पाहुणे आले की गीझर बंद.
चव्वेचाळीस वर्षं या घराने
आळीपाळीने संसार केला.

फ्यूज उडाला की बाबा स्टूल आणायचे.
मेणबत्ती मी धरायची:
डोळ्यांत नको, हातावर धर, हातावर.
केसाएवढी तार, दोनच पीळ, तिसरा नाही.
जाड तार घाला म्हटलं कुणी, तर म्हणायचे,
"जळायचं काम तिचं आहे. तिला करू द्यावं."

त्यांच्याच अक्षरात, चिकटपट्टीवर, अजून:
हॉल. स्वयंपाक. बाकी.
चौथ्यावर काहीच नाही.

लेकीने तो ओढून काढला.
आत तार होती, दोन पिळांची.
बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.
"ही लाइन कुठे जाते?"
वायर चौकटीवरून गेलेली,
नेमप्लेटच्या मागून,
डिस्टेंपरच्या पाच थरांखालून
भिंतीत शिरून गडप.
माहीत नाही, मी म्हटलं.
"डेड असेल," ओव्हाळ म्हणाले, आणि तोडली.

पाचला लाइट आली.
पांढरी नवी पेटी, खटके ओळीने उभे,
अर्थिंग खालून नव्याने ओढलेलं.
मी मिक्सर लावला, वर इस्त्री, वर गीझर.
काही झालं नाही.
इतकं काहीच झालं नाही
की मला जरा चुकल्यासारखं झालं.

हिशोब करता करता सात वाजले.
खालून पोंक्षेकाकूंचा आवाज:
"जिन्यातला दिवा कुणी घालवला?"

जिन्यातला दिवा.
ब्याऐंशी सालची जनरल मीटिंग, गच्चीवर,
तीन तास, विषय एकच: कुणाच्या मीटरवर?
सगळ्यांत मोठा आवाज बाबांचा.
"एक युनिट जाणार नाही माझ्याकडून, एक!"
चप्पल वरच विसरून आले होते रागाने.
इतिवृत्तात लिहिलं, विषय पुढील सभेत घ्यावा.
पुढे दिवा लागला.
प्रत्येकाला वाटलं, सोसायटीने लावला,
आणि सोसायटीला वाटलं, कुणीतरी लावला असेल.

आणि घरात आम्ही
मोरीतला बल्ब चालू राहिला म्हणून बोलणी खायचो.
दर महिन्याला भिंग घेऊन बिल वाचायचे,
"मीटर पळतंय," म्हणायचे,
"फार पळतंय,"
पण तक्रारीचा अर्ज कधी केला नाही.
अर्ज करायचा तर बाबा पोस्टाच्या तिकिटाविरुद्धही करायचे.

ओव्हाळांनी पिशवीची चेन लावलीच होती.
"नियमाने सोसायटीचा वेगळा मीटर पाहिजे, बाई."
पाहिजे.
पुढल्या सभेत मांडीन मी.
लेकीने काही न बोलता झाकण उघडलं,
एक जागा कोरीच होती पेटीत.
खोक्यातून सहा अँपिअरचा एक काढला,
तोडलेल्या वायरीचं टोक शोधलं,
सोललं, जोडलं, स्क्रू आवळला,
मग मार्करचं टोपण दातात धरून विचारलं,
"यावर काय लिहू?"

राहू दे तसंच, मी म्हटलं.

खटका वर.
खाली काकू: "लागला! लागला एकदाचा!
कुणीतरी सेक्रेटरीला फोन केलेला दिसतोय."
मी कठड्यावरून वाकून म्हटलं,
हो काकू, केला असेल कुणीतरी.