एकेचाळीस

श्वास थांबला की मी मोजू लागते.
अकरा. बारा. पंख्याची कुरकुर. एकोणीस.
मग घसा खरवडत वर येतो तो,
बुडी मारलेल्या माणसाने डोकं काढावं तसा,
कूस बदलतो आणि पुन्हा घोरू लागतो.
मी वहीत एक रेघ मारते.
वही ब्लाउजच्या मापांची:
पुढून साखळीतल्या बायकांच्या छात्या आणि बाह्या,
मागून सगुणाचे श्वास.

बावीस वर्षं बार्जवर इंजिनाकडे होता तो,
आमोण्याहून खनिज भरून मुरगावपर्यंत.
इंजिन मध्येच गप्प झालं, तो सांगायचा,
तर नदी लगेच ओढत नाही.
थोडा वेळ सगळं नुसतं तरंगतं.
तेवढ्यात चालू करायचं.

आता शाळेची व्हॅन चालवतो.
गेल्या महिन्यात माशेलच्या वळणावर डोळा लागला.
मुलं उतरली होती. देव बरें करूं.
म्हापशाचा डॉक्टर म्हणाला, रात्रीची तपासणी करा,
झोपेत काय होतं ते यंत्राला बघू दे.

म्हणून पॉलिसी घेऊन पणजीला गेले.
नऊ वर्षं, एक हप्ता चुकवलेला नाही.
खिडकीपलीकडे एल्रॉय, नाव पट्टीवर होतं.
घरी तपासणी केली तर दाखल नाही, म्हणून पैसे नाहीत.
इस्पितळात केली तर रात्री नऊला आत, सकाळी सहाला बाहेर,
चोवीस तास भरत नाहीत.
चोवीस तास कोण झोपतो रे, मी विचारलं.
तो हसला नाही. पान उलटलं.
नुसत्या निदानासाठी राहिलात, तरी नाही.
आणि निदान झालंच, तर पुढचं मशीन यादीबाहेर,
तिथे, खाली, बारीक अक्षरांत,
चष्मा आणि कवळीच्या शेजारी.

मी वही पुढे सरकवली.
त्याने सरळ बाजूने उघडली. छत्तीस, बाही साडेपाच.
उलटी धर, मी म्हटलं.
रेघा बघत राहिला बराच वेळ.
मग म्हणाला, मावशे, हे रिपोर्ट म्हणून धरत नाहीत.
सव्वादहा वाजले होते आणि ही त्याची चौथी जांभई.
कॉलरचं बटण लागत नव्हतं.
नजरेनेच माप घेतलं मी, सवय आहे: गळा साडेसतरा.
तू घोरतोस का रे?
लग्न नाही झालं अजून, तो म्हणाला,
सांगणार कोण?

चवथीच्या भिशीतले चौदा हजार मोडले.
यंदा माटोळी लहान.
छातीला पट्टे, डोक्याला चिकटवलेल्या तारा,
बोटाला लाल दिवा,
वर इतकं काही लोंबत होतं
की माटोळीखालचा गणपतीच वाटावा. पोट तर होतंच.
हसलो दोघं. मग मला बाहेर बाकावर बसवलं.
लग्नानंतर पहिल्यांदा दुसरं कुणी मोजणार होतं.
मला कुठली झोप?

रिपोर्ट आला: तासाला त्रेचाळीस वेळा.
वहीत माझे एकेचाळीस.
काकी, जवळजवळ बरोबर की, ती मुलगी म्हणाली, कौतुकाने,
आणि पावतीवर शिक्का मारला.

परतीच्या बसमध्ये वही मांडीवर.
सगुण खिडकीला डोकं टेकून झोपलेला, तोंड उघडं.
दोन कमी.
माझा डोळा लागला असेल.
किंवा पोदेराच्या भोंग्यावर पाव घ्यायला उठले असेन.
त्या दोन वेळा तो एकटाच होता,
इंजिन बंद, नदी अजून ओढत नव्हती,
आणि काठावर कुणी नव्हतं.

मशीनचं भाडं किती, ते उद्या विचारायचं.
वहीच्या शेवटच्या पानावर, सगळ्या मापांपासून वेगळं,
लिहून ठेवलंय:
एल्रॉय. गळा साडेसतरा.
हप्ता भरायला जाईन तेव्हा
पुन्हा विचारीन.