शिवणीतली माया

हेमांगी, तू विचारलंस म्हणून सांगते,
नाहीतर मी कोण, तुझ्याहून एका वर्षाने जुनी एवढंच.

फळा घेऊ नकोस.
आम्ही घेतला होता, मुलुंडहून, रिक्षात आडवा धरून.
त्यावर आता दूधवाल्याचा हिशोब असतो.
घंटाही घेतली होती. हसू नकोस.
साडेसातला मी ती वाजवायचे
आणि विहंग ओल्या केसांनी पळत येऊन
ओट्यापाशी रांगेत उभा राहायचा.
एकट्याची रांग.
मग हजेरी. एकच नाव.
तेरा दिवस तो "हजर" म्हणाला.
चौदाव्या दिवशी टेबलाखालून आवाज आला,
"गैरहजर."
मी पट्टी उगारली. खरंच उगारली.
जिच्यापायी शाळा सोडवली, तशीच लाकडी.

लोक विचारतील.
वॉचमन, सकाळी अकराला, "आज काय सुट्टी?"
जिन्यात पोतनीस वहिनी, आवाज खाली आणून,
"काही प्रॉब्लेम आहे का गं त्याला?"
सासूबाई सावंतवाडीहून, पाढे कुठवर आले.
उत्तरं पाठ करू नकोस. मी केली होती,
तिसऱ्या मजल्यापर्यंत मलाच पटेनाशी व्हायची.

आणि दीडला स्कूलबस गेटाशी येते ना,
तेव्हा पडदा ओढू नकोस.
मी ओढायचे. त्याला वाटायचं,
बाहेर काहीतरी आहे जे आता त्याचं नाही.
खाली पाठव. झोया आणि जाधवांची जुळी
दप्तरं जिन्यात टाकून अर्धा तास खेळतात.
कोण कुठे शिकतं हे त्यांना
डाव कुणाचा यापुढे सुचतही नाही.

जुलैत मी शाळेत फोन लावला होता.
सातचा पाढा सातव्यांदा चुकला त्या दिवशी.
"परत घ्याल का" एवढंच विचारायचं होतं.
त्यांनी थांबायला सांगितलं, बासरी वाजत राहिली.
मी फोन ठेवला, कुकर लावला,
ओट्याला टेकून रडले.
तोही येऊन टेकला. बोलला काहीच नाही.
त्या दिवशी काही शिकवलं नाही.
तोही दिवस धर, मोजताना.

मग त्याची उसवलेली पँट घेऊन
तळमजल्यावर सावर्डेकर टेलरकडे गेलो
आणि विहंग दोन तास तिथून हललाच नाही.
दुसऱ्या दिवशी पुन्हा, गळ्यात टेप.
ज्या अपूर्णांकांपुढे मी हात टेकले होते
ते तिथे पाव, निम्मा, पाऊण, सव्वा होऊन
खडूच्या रेघांवर निमूट बसलेले.
जेवताना म्हणू लागला, "मास्तर म्हणाले."
माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू.
घसा मी सुकवला, आणि मास्तर कोण, तर हे.

एकदा विचारलंच मी, ह्याला सगळं यायला
किती दिवस लागतील हो?
दोरा दातांनी तोडत ते म्हणाले,
"लहान मुलाचं शिवताना वहिनी,
इंचभर माया आत सोडायची.
आज ती दिसत नाही.
मूल वाढलं की उसवून देता येते.
अगदी मापात शिवलेलं
पुढच्या दिवाळीला अंगात जात नाही."

घरी येऊन वेळापत्रकातला मंगळवार खोडला.
मंगळवारी आम्ही खाडीकडे जातो,
तिवरांत खेकडे मोजायला.
कधी मोजतही नाही.

अजून एक, आधीच सांगून ठेवते,
एप्रिलच्या शेवटी कुणी प्रगतिपुस्तक देत नाही.
हात फार रिकामे वाटतात.
नवऱ्याने विचारलं, "पास ना?"
मी त्याला विहंगने घातलेली दुमड दाखवली,
एका पायाला पाऊण इंच,
दुसऱ्याला जवळजवळ दोन.
सात आठे अजूनही चोपन्न होतात कधीकधी.

रविवारी ये, कन्नमवार नगरात कुणालाही विचार,
शिलाई मशीनच्या वरचा जिना.
फळ्याचे खडू आणू नकोस, दोन डबे पडून आहेत.
टेलरचा तो चपटा, निळा, मिळाला तर आण.
तो संपलाय.