झाकलेला तक्ता

मतदानाच्या आधी आठ दिवस शाळेला रॅम्प झाला.
सिमेंट ओलं होतं तेव्हा लक्कव्वाची बकरी वर चढून आली,
तिचे खूर अजून उमटलेत.
चाकाची खुर्ची आमच्या गावात एकसुद्धा नाही.
पण बूथ म्हटलं की रॅम्प लागतो,
नळ लागतो, बल्ब लागतो, संडासाला कडी लागते.
तेरा पोरांना काय लागतं ते
देसूरकर बाईंनी सात वर्षं अर्जावर लिहिलं
आणि त्या रिटायर झाल्या.
अर्ज मराठीत जायचा, पोच कन्नडमध्ये यायची,
मी दोन्ही कपाटात ठेवायची, तांदळाच्या वहीखाली.

मी इथं भात शिजवते. सांबार करते.
एका पोरामागं तेल किती, डाळ किती,
पैशापर्यंत तोंडपाठ आहे.
संध्याकाळी व्हरांड्यात माणसं कोटीत बोलतात.
नागेश चोपडे म्हणतो, तेरा पोरांसाठी शाळा?
बंद करा, बस द्या, खानापूरला पाठवा.
शट्टूप्पा म्हणतो, बस कुठनं येणार, तुझ्या सासऱ्याच्या बांधावरनं?
आणि मग भाषेवर येतो,
आवाज चढतो, टोपी काढतो, परत घालतो.
गेल्या तीन निवडणुका हेच बोललाय.
त्याचे दोन नातू टाय बांधून
फाट्यावर पिवळ्या गाडीची वाट बघतात.
हसू नका.
माझी नातपण त्याच गाडीत असते.
बायकांच्या खात्यावर पैसे येतात ना,
ते मी त्या गाडीवाल्याला देते.
सरकारकडनं घेते आणि सरकारच्याच शाळेतनं
एक पोर कमी करते.
हा हिशेब मी कुणाला सांगितला नव्हता.

बसप्पा हुक्केरी गप्प बसून तंबाखू मळत होता.
शेवटी म्हणाला, आमच्या कन्नड शाळेत नऊच हाईत की,
पाऊस आला की मास्तर छत्री घेऊन शिकवतोय.
कुणीच काही बोललं नाही.
मग चोपडेनं विषय रस्त्याच्या टेंडरवर नेला
आणि सगळ्यांना पुन्हा बोलायला आलं.

आदल्या दिवशी साहेब आले, पेट्या आल्या, पोलीस आला.
साहेबांनी भिंतीवरचा तक्ता बघितला,
क कमळाचा. झाका, म्हणाले.
ह हाताचा. झाका.
न नारळाचा, थांबा, यादी बघतो. तोपण झाका.
जुनं वर्तमानपत्र आणि माझ्याच भाताची खळ.
मग स्वयंपाकखोलीत डोकावले.
बाई, ती कढई आत ठेवा.
कुणा अपक्षाची निशाणी होती कढई.
वीस वर्षं उघड्यावर घासली,
त्या दिवशी पहिल्यांदा तिला लपवली.

कोण निवडून आलं ते तुम्हाला माहीत आहे,
नसलं तरी चालतंय.
बल्ब वायरमन काढून घेऊन गेला, सही घेऊन.
नळाला दोन दिवस पाणी होतं.
तक्त्यावरचा कागद काढायची ऑर्डर काही आली नाही.

जूनमध्ये मष्णू गुरवाचं धाकटं पोर पहिलीला आलं.
नव्या सरांनी काठी ठेवली पहिल्या चौकोनावर.
पोरानं बघितलं, नीट बघितलं,
आणि म्हणालं,
क कागदाचा.
सर हसले. मी चुलीपाशी होते, मला हसू आलं नाही.
दुपारी ओल्या फडक्यानं कागद सोडवायला गेले
तर खळ एवढी घट्ट
की कमळाची एक पाकळी कागदाबरोबर निघून आली.
तशीच चिकटवली परत, वाकडी बसली.

आता पोरं अकरा आहेत.
जेवण झालं की तांदळाचं रिकामं पोतं मागून नेतात,
त्यावर बसतात आणि रॅम्पवरनं घसरत येतात खाली.
बकरीच्या खुरांपाशी पोतं अडकतं,
तिथं सगळ्यांच्या चड्ड्या फाटतात.
आया येऊन माझ्याशी भांडतात.
मी म्हणते, पोतं देणार. सरकारी आहे.