बावीसचे चौदा

शिसं पागेराचं.
इनास गेल्यावर त्याच्या बायकोनं जाळं मला दिलं,
फाटकं, पण काठाचे मणी पुरे दोन किलो.
परसात, वारा पाठीशी ठेवून,
जुन्या डावात वितळवतो मी ते
आणि वरची राखाडी साय चमच्यानं ओढून टाकतो.

साचा प्लास्टरचा, दोन फाकांचा.
तीन दिवस फेरीबोटीच्या इंजिनावर वाळवलेला,
कारण आत पाण्याचा एक थेंब राहिला
तर शिसं उसळून अंगावर येतं.
मनगटावरचा हा पांढरा चट्टा तसलाच.
विचारणाऱ्याला मी कुत्रा चावला म्हणतो.

गळ आधी ठेवायचा, मग ओतायचं.
डोक्यात एक तिरकं भोक राहील असा खिळा,
काजळी धरलेला,
गरम असतानाच पिळून काढायचा.
सगळा खटाटोप त्या भोकासाठी.

चोडणच्या कांदळात एकतीस जिग घालवले मी.
चोणक राहतो मुळांत, मुळांवर कालवं,
कालवांच्या धारेवर माझी दोरी.
ओहोटीला चिखल उघडा पडला की
फेरीच्या कठड्यावरून दिसतात:
लाल झालर, पिवळी झालर
(बायकोचे भांडी घासायचे हातमोजे कापून केलेली),
मुळांच्या कानांत माझीच कुडी.

म्हणून गळाच्या टोकापुढे राखणदार उभा करायचा.
माडाच्या हिरांचा केला, तिसऱ्या भरतीला कुजला.
दात घासायच्या ब्रशाचा केला, नुसत्या मांजराच्या मिश्या.
गिटारची नायलॉन तार चांगली,
पण गुंडाळी विसरेना.
शेवटी म्हापशाच्या बाजारातून
फरशी घासायचा ब्रश आणला, हिरव्या केसांचा.

बावीस केस मोजून घेतले,
बुडाशी मेणबत्तीचा चटका देऊन एकजीव केले.
भोकात आराल्डाइट, वर दोऱ्याचे वेढे, पुन्हा आराल्डाइट,
आणि रात्रभर हात लावायचा नाही.
झटपट चिकटणारं नको,
खाऱ्या पाण्यात ते बिस्किटासारखं मोडतं.

सकाळी अंगठ्यानं दाबून पाहिलं. ताठ.
गावच्या राखणदारासारखा,
हातात सोटा, वहाणा झिजेपर्यंत वेशीवर फिरणारा.

तीन संध्याकाळ टाकला.
मुळांतून, फांद्यांतून, मानशीच्या फळ्यांतून
दर खेपेला परत आला, जसाच्या तसा.
चोणकानंही घेतला दोनदा.
मनगटात ठक् झालं,
काळजात त्याहून मोठं,
आणि त्यानं सोडून दिला.
टोक त्याच्या तोंडाला लागलंच नव्हतं.

शर्वाणी पणजीत कामाला लागली त्या वर्षी
शेवटची फेरी मी रायबंदरला सात मिनिटं धरून ठेवली होती.
रॅम्पची साखळी हातात, ओढवेना.
मागे हॉर्न, वर तांडेल ओरडतोय,
आणि ती आली, सगळ्यांच्या दिव्यांतून,
मान खाली घालून.
दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी म्हणाली,
बाबा, मला पोहता येतं.

नेलकटर घेऊन बसलो.
एक केस काढला. अंगठा. अजून ताठ.
दुसरा. मग मधला.
आठ गेल्यावर तो वाकला
आणि बोट उचलताच पुन्हा उभा राहिला.
उरलेले जरासे फाकवले, टोकं तिरपी कापली.
मुळांना एवढा पुरेल का, ठाऊक नाही.
बत्तिसावाही जाईल कदाचित.

आज भरती साडेसहाला.
निघण्याआधी पुन्हा एकदा दाबून बघतो,
जरा जोरात, मासा दाबेल तसा.

अंगठ्यावर रक्ताचा ठिपका.
लागतंय टोक.